क्लबात राहिलेली परात

तुम्ही तिकडे पोहण्याच्या क्लबात नाव घातलंत असं कळलं. आमच्या वेळी कॅसलरॉकला क्लबात शिरायचं तर आधी बायकोची परीक्षा होत असे.

तुमचे आजोबा रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होते. स्टेशनच्या वरच्या टेकाडावर साहेबलोकांचा क्लब होता. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर गव्याचं मुंडकं आणि पावसाळ्यात जळवांनी भरणारं टेनिसचं मैदान. त्या वर्षी कमिटीनं ठरवलं, सभ्य हिंदी कुटुंबांनाही घ्यावं. कुटुंब सभ्य आहे की नाही, ते सेक्रेटरीच्या मडमेनं चहाला बोलावून पाहायचं.

आजोबांना टेनिस येत नव्हतं, व्हिस्की चालत नव्हती. तरी क्लब हवा होता, कारण तो त्यांच्या साहेबांना होता. मला हवं होतं तिथलं पुस्तकांचं कपाट. बेळगावच्या मिशन शाळेत इंग्रजी शिकून मी या जंगलात आले होते. बरोबर आणलेली पुस्तकं पाठ झाली होती आणि आता मी बिस्किटांच्या डब्यांवरची अक्षरं वाचत होते.

आजोबांनी मला चमचा न वाजवता चहा ढवळायला शिकवलं. निघायच्या वेळी पाहतो तर सासूबाई नवं लुगडं नेसून, तळलेल्या फणसाच्या गऱ्यांची परात घेऊन दारात उभ्या.

"आई, तू कुठं? आणि हे काय?"

"पयल्यांदा कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायाचं व्हय?"

"अगं, क्लब म्हणजे घर नव्हे!"

"बायका बसत्यात, च्या हुतो. घर न्हाई तर काय, पोलीस चौकी हाय?"

क्लबात चहाच्या टेबलाशी मडमेनं विचारलं, मुलं किती, जेवता केव्हा, पान खाऊन थुंकता कुठं. मी सगळी उत्तरं दिली. चमचा वाजला नाही. सासूबाईंनी परात केकशेजारी सरकवली. मडमेनं एक गरा उचलला, मग मूठभर. आम्ही निघताना तिनं उरलेले गरे बशीत ओतले आणि परात पुढं केली. सासूबाईंनी ती परत ढकलली.

"आत्ता नगं. सवडीनं धाड म्हणावं. पर रिकामी न्हाई हं!"

आजोबा गव्याच्या मुंडक्याकडे पाहू लागले. मी मडमेला सांगितलं, आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत.

"मग त्यात घालायचं काय?"

"घरात असेल ते," मी म्हणाले आणि कपाटाकडे पाहत राहिले.

पुढच्या आठवड्यात शिपाई परात घेऊन आला. आत जाडजूड कादंबऱ्या, वर बिस्किटांचा पुडा. बिस्किटं सासूबाईंनी म्हशीला घातली. पुस्तकांना विटाळ नसतो असा निकाल दिला.

पावसाळ्यानंतर सभासदत्वही मिळालं. सोबत नियम आले: कपाटाची किल्ली पुरुष सभासदांकडे राहील, बायकांनी बुधवारी व्हरांड्यात विणकाम करावं. आजोबा शनिवारी बूट चढवून जात आणि दुसऱ्यांचं टेनिस बघून येत. कपाट त्यांनी कधी उघडलं नाही. तसं करताना त्यांना कुणी साहेब दिसला नव्हता.

सासूबाईंनी आणि मी मात्र परात चालू ठेवली. गरे संपले तेव्हा करंज्या, करंज्या संपल्या तेव्हा केळ्याचे काप. किल्ली सेक्रेटरीकडे, म्हणजे मडमेच्या हाताशीच होती. त्याची बदली होईतो निम्मं कपाट मी चुलीपुढं बसून वाचलं.

सासूबाईंना शेवटपर्यंत मडमेची कीव येई. "वाचाय येत न्हाई वाटतं बिचारीला," त्या म्हणत. "समदी बुकं आपल्यालाच धाडती."