खिडकीशी गप्पा मारणारा पंखा

पंख्याच्या दुकानात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पात्यांवर तेलकट धूळ बसते तसे ते आपोआप बसत जातात. त्यात आमचं सोलापूर! इथली फोडणी शेजाऱ्यालाही शिंकायला लावते, आणि प्रत्येकाला "लई ओढणारा" एक्झॉस्ट हवा असतो.

आमचे मालक सिद्रामअण्णा, मूळचे वळसंगचे. किंमत सांगायच्या आधी ते गिऱ्हाइकाला एकच विचारतात, "घरात ठेचा कितींदा होतो?" एकदा एक जोडपं आलं. नवरा म्हणाला, "आठवड्यातनं एकदा." बायको म्हणाली, "रोज!" अण्णा माझ्याकडे वळले. "मोठा काढ. सैपाक कोण करतंय ते कळलं."

*

एक साहेब मोबाइलवर काळ्या काचेच्या चिमणीचा फोटो घेऊन आले. पाइप नको म्हणाले, टाइल्स नव्या होत्या, भिंत फोडायची नव्हती. अण्णांनी परोपरीनं समजावलं, पण साहेब हट्टाला पेटलेले. आठवड्यात परत हजर. "अहो, ही धूर ओढते आणि माझ्याच तोंडावर सोडते!"

अण्णा म्हणाले, "जायला वाटच ठेवली न्हाय तुमी. पाव्हणा जाणार कुटं?"

*

आता दिव्याखालचा अंधार सांगतो. बाबा गेल्यावर आई मंगळवेढ्यात एकटी पडली, म्हणून तिला आमच्या फ्लॅटवर आणलं. ती कायमची राहावी अशी माझी फार इच्छा होती. पण तव्यावर मिरच्या पडल्या की ती खोकून बेजार व्हायची. "तितं धूर छपरातनं जायचा. हितं माझ्यासंगंच ऱ्हातो," म्हणायची. शेवटी तिनं पिशवी भरून दाराशी ठेवली. "रविवारच्या यष्टीनं जाते."

मी इरेला पेटलो. दुकानातला सगळ्यात मोठा पंखा आणला आणि ओट्याच्या खिडकीच्या वर स्वतः बसवला. आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्यांनी नळाला पाणी आलं समजून हंडे लावले. धूर मात्र जागचा हलेना. आई खोकत खोकत म्हणाली, "पंखा चांगला हाय की. नुसता बोलतोय लई."

*

शनिवारी अण्णा घरी आले आणि उदबत्ती मागितली. आईला वाटलं, पंख्याची पूजा करतात. अण्णांनी ती पेटवून खिडकीशी धरली. धूर वळला आणि सुर्रकन पंख्यातून बाहेर! मग शेगडीवर धरली. धूर निवांत छताला लागला.

"तुजा पंखा खिडकीशी गप्पा मारतोय," अण्णा म्हणाले. "शेगडीकडं बगतसुदिक न्हाय. वारा लांबनं आला पायजे, शेगडीवरनं गेला पायजे."

ती खिडकी लावली, हॉलची उघडली. माझा राक्षस काढून अण्णांनी त्याच्या निम्म्या आकाराचा पंखा शेगडीच्या डोक्यावर बसवला. आईनं मूठभर मिरच्या तव्यात टाकल्या. आम्ही श्वास रोखून उभे. खोकला नाही! मला इतका आनंद झाला, की मी अण्णांना मिठीच मारली.

पिशवी मात्र दाराशीच राहिली. "खोकला गेला रं," आई म्हणाली, "पण दिवसभर हितं बोलू कुनासंगं?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या वैशालीताई, डोळ्यांत पाणी. आमच्या पंख्याचं तोंड बरोबर त्यांच्या बाल्कनीवर! आता भांडण होणार, म्हणून मी माफीची तयारी केली.

"मावशी," त्या मला ओलांडून म्हणाल्या, "ठेचा तुमचा व्हय? वाटीभर द्या की."

"नुसता कशाला?" आई म्हणाली. "बस. भाकरी टाकते."

रविवारची यष्टी निघून गेली, तेव्हा दोघी ओट्यापाशी बोलत होत्या.

*

परवा दुपारी मी अवचित घरी गेलो. आई त्याच पिशवीतून मूठभर शेंगदाणे काढून भाजत होती. पंखा फुल स्पीडवर, खमंग वास थेट खालच्या बाल्कनीत.

"आई, डबाभर भाजलेले आहेत की. परत कशाला?"

आईनं एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि ओट्यावर चार वाट्या मांडल्या.