नाल्याखालची टोपली

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चोल्वे घोटाभर चिखलात उभी राहून दोर ओढत होती, आणि दोर हलका येत होता. भरलेली टोपली अशी येत नाही.

कफुए नदी इथे खोल आहे. मगरी आहेत, त्यामुळे जाळी घेऊन पाण्यात उतरता येत नाही. म्हणून नदी खात्यात काम करणारी चोल्वे दगड भरलेल्या तारेच्या टोपल्या सहा आठवडे पाण्यात सोडते, मग दगडांवर वस्तीला आलेले किडे मोजते. चांगल्या पाण्यात तीन शेपट्यांच्या अळ्या सापडतात, घाणीत नुसत्या लाल. कत्तलखान्याचा सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो, त्याच्या वरच्या बाजूला एक टोपली होती आणि खालच्या बाजूला दोन. खालची एक पाणघोड्याने तुडवली. गुरुवारी कत्तलखान्याच्या परवान्याची सुनावणी होती आणि नाल्याविरुद्ध चोल्वेकडे ही एकच टोपली उरली होती.

ती वर आली. झाकण उघडं, आत धुतलेले दगड.

"कोणी केलं हे?"

"मी!" होडीतून हामुसोंडे ओरडला. त्याने डबा हलवून दाखवला. "काय गुबगुबीत अळ्या गं! मासे नुसते तुटून पडतायत. तुमच्या कुळातल्या बायकांना साधी मक्याची शिमा शिजवता येत नाही, पण अळ्या पोसाव्यात तुम्हीच!"

धक्क्यावरच्या बायका खिदळल्या. त्याचं कूळ आणि तिचं कूळ थट्टेच्या नात्यातलं. अशा भावाने चूल उचलून नेली तरी हसायचं असतं.

चोल्वे हसली नाही. होडी काठाला लागताच तिने डबा हिसकावून चिखलात आपटला.

"चिडली!" एक म्हातारी म्हणाली. "अगं, मयताच्या दारातसुद्धा आपण यांच्यावर चिडत नाही."

"मागच्या महिन्यात याच नाल्याखाली तुझे मासे पोटं वर करून तरंगत होते. तेव्हा हसला होतास का रे?" चोल्वेने त्याला विचारलं.

"नाही," हामुसोंडे म्हणाला. मग खाली वाकून अळ्या वेचू लागला. "अर्ध्या आहेत की अजून. घे, मोज."

"मूर्खा, आमिषाच्या डब्यातल्या अळ्या कुठल्या पाण्यातल्या, हे कत्तलखान्याचा वकील मला सगळ्यात आधी विचारेल. काय सांगू?"



तिने खात्यातल्या साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, नाल्याच्या वरच्या बाजूची टोपली तर मिळाली आहे ना, तेवढीच आकडेवारी पाठव.

"वरची टोपली चांगलीच आहे, साहेब. तेवढीच पाठवली तर नदी ठणठणीत आहे असं मी लिहून दिल्यासारखं होईल. दोन्ही नसतील तर एकही नाही."

"मग सुनावणी तुझ्या कागदाशिवाय होईल."

"होऊ दे. खोट्यावर माझी सही नको."

गुरुवारी परवाना बहुधा मिळेल, पाच वर्षांसाठी. हरकत घ्यायला त्यानंतर साठ दिवसांची मुदत असते, आणि टोपलीला लागतात बेचाळीस. उद्या सकाळी सहा वाजता नवी टोपली नाल्याखाली उतरेल. होडी हामुसोंडेची, वल्हवणाराही तोच.