फळीवरची जास्तीची पट्टी

पियानो वाजवणारी बाई म्हटलं की लोकांना झुंबरं दिसतात. माझं शिक्षण सालवडच्या दोन खोल्यांत, एका लाकडी फळीवर झालं. वडील तारापूरच्या कारखान्यात फिटर. थर्ड शिफ्ट करून सकाळी यायचे आणि दुपारभर झोपायचे. चमचा पडला तरी आई डोळे वटारायची. तिथे कुठला पियानो आणि कुठलं डोंबल! तो होता पालघरला, शिकवणाऱ्या बाईंकडे, तोही रविवारपुरता. बाकीचे सहा दिवस मी फळीवर बोटं चालवायचे. वडिलांनी बाईंच्या पियानोची मापं टेपने घेतली, फळीला रंधा मारला, पट्ट्या आखल्या आणि त्यातल्या काळ्या ऑइलपेंटने रंगवल्या. फिटरच तो, रेषभर फरक नव्हता.

फक्त एक पट्टी जास्त होती. पियानोच्या काळ्या पट्ट्या दोन, मग तीन, पुन्हा दोन अशा असतात आणि मधली जागा मोकळी असते. फळीवर उजव्या बाजूची अशी एक मोकळी जागा कुणीतरी भरून टाकली होती. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिथे बोट ठेवायचं नाही, झालं." आता नऊ वर्षांच्या पोरीला नको म्हटलं तर ती काय करणार? मी ठेवायचेच. बाकीचे सूर मला रविवारच्या आठवणीने ऐकू यायचे. हा सूर जगातल्या कुठल्याच पियानोत नव्हता, तरी तो सगळ्यात स्पष्ट यायचा. भीती वाटायची आणि पुन्हा ठेवावंसंही वाटायचं.

पुढे मी मुंबईला गेले, परदेशात शिकले, मोठ्या सभागृहांतून वाजवलं. वडील गेले. आई मात्र सालवड सोडायला तयार नव्हती. फळी तिने पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली होती आणि रोज पुसायची.

गेल्या हिवाळ्यात एका कार्यक्रमात, संथ भाग चालू असताना, माझी उजवी अनामिका आपल्या मनाने सरकली आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या फटीवर, फळीवर ती जास्तीची पट्टी होती तिथेच, जाऊन बसली. आवाज नाही. उचलू म्हटलं तर उचलेना. श्रोत्यांना वाटलं, वा, काय थांबली! टाळ्यासुद्धा वाजवल्या मेल्यांनी. मग ते दर कार्यक्रमात व्हायला लागलं, नेमकं त्याच जागी. डॉक्टरांनी नसा तपासल्या, काही सापडलं नाही, विश्रांती घ्या म्हणाले. तीन आठवड्यांवर मोठ्या वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रम होता. तिथे बोट अडकलं असतं तर पन्नाशीच्या बाईला पुन्हा कोण बोलावणार होतं? मी पार घाबरले होते.

म्हणून दोन दिवस आईकडे गेले. चहा टाकता टाकता ती म्हणाली, "काल तीन वाजता चांगलं नाय झालं तुझं. दोनदा अडकलीस."

"काल मी मुंबईत होते, आई."

"हितंच तर होतीस. रोज येतेस, वाजवतेस, जातेस."

"काहीतरीच काय बोलतेस!" मी खेकसले. पण काल तीन वाजता, मुंबईच्या माझ्या घरात, सराव करताना मी दोनदा अडकले होते. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "ती जास्तीची पट्टी कुणी रंगवली गं?"

"मीच. तुझे बाबा झोपले होते. मला वाटलं, झोपेच्या नादात एक रंगवायची राहिली. डब्यात रंग होता, दिली भरून." मग हसली. "तीच तर सगळ्यात गोड वाजते."

दुसऱ्या दिवशी ती शेजारी गेली तेव्हा मी वडिलांची हत्यारांची पेटी उघडली, पॉलिश पेपर काढला आणि ती पट्टी घासून टाकली, खालचं लाकूड उघडं पडेपर्यंत. घासताना अनामिका ठणकत होती. आईला विचारायला हवं होतं. नाही विचारलं, आणि याची मला लाज वाटते.

कार्यक्रम झकास झाला. बोट एकदाही अडकलं नाही. आत जाऊन मी आनंदाने रडले.

पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन गेले. दुपारचे तीन वाजले होते. आई घामाघूम होऊन पलंगावर बसली होती, पंखा बंद.

"पंखा का नाही लावलास?"

"आवाज होतो. ऐकू यायला पायजे ना."

मी तिच्याजवळ बसले, फळी मांडीवर घेतली आणि कार्यक्रमातली सगळी रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. एक चूक नाही. ती दाराकडे बघत होती.

"ऐकलंस का, आई?"

तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. पदर सावरला, पाहुण्यांसमोर सावरतात तसा.

"आमची बाय यायची या वेळेला," ती म्हणाली. "आता येत नाय. तुमी कोण?"