दीड घंटी

अनसिंगच्या स्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान होतं, तेव्हा गावात बोटांवर मोजण्याइतके हँडसेट होते. त्यातला एक भागिरथाबाईला मीच विकला, म्हणून पुढच्या घोळाचं थोडं पाप माझ्याही माथी आहे.

भागिरथाबाई शाळेत खिचडी शिजवायची. नवरा नव्हता. एकच लेक, स्नेहा, कारंजा लाडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसऱ्या वेळी दिवस भरत आले तरी सासरच्यांनी पाठवलंच नाही. तिकडे फोन एकच, तोही सासूच्या खाटेजवळ. तिच्यासमोर पोरगी मन मोकळं कसं करणार? म्हणून ठरलं, सासू अंगणात गेली की स्नेहानं मिस्डकॉल द्यायचा. एक घंटी म्हणजे मी बरी आहे. दोन म्हणजे आई, ये. ही अक्कलही मीच शिकवली होती आणि वर तिच्याकडचा चहा प्यालो होतो.

अकरा दिवस रोज एकच घंटी आली. भागिरथाबाई खुशीत. येता-जाता म्हणायची, "जयभीम धनराज, माही पोरगी मजेत हाय."

बाराव्या दिवशी सकाळी खिचडी चुलीवर ठेवून ती तरातरा दुकानात आली. हाताला हळद तशीच.

"धनराज, दीड घंटी म्हंजे काय रे?"

"दीड?"

"एक पुरी वाजली, दुसरी निस्ती उठली अन् बंद. आता जाऊ का राहू?"

मी शहाणपणा सुरू केला. "मावशी, तिच्या कानात जे घंटी वाजते ना, ते तुह्या फोनातली नसते. ते कंपनीच्या यंत्रातून तिले ऐकू येते. तुह्या फोनले टावर वेगळ्याच रस्त्यानं निरोप धाडते. बोलायचा रस्ता येगळा, घंटीचा येगळा. मंग फोन आपल्या चालीनं वाजते. दोन्हीचा मेळ बसतेच असं नाही."

तिनं हँडसेट उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजे तिनं दोन वाजवल्या तं मले एक ऐकू येऊ शकते?"

"येऊ शकते."

"मंग आमी मायलेकी इतके दिवस काय बोलून राह्यलो होतो?"

खरं सांगतो, कंपनीच्या माणसानं हे सांगितलं तेव्हा मलाही अर्धंच कळलं होतं, आणि तेही तिला घंट्या शिकवून झाल्यावर. मी तिथल्या तिथे कारंज्याला फोन लावून दिला. सासूनं उचलला, "मजेत हाय," म्हणाली आणि ठेवून दिला. आता तर भागिरथाबाई पुरती गोंधळली. घंटी खरी की सासू खरी? दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी "खिचडीकडं पाह्यजो," म्हणाली आणि कारंज्याला जायला वाशिमच्या गाडीत बसली. त्या दिवशी पोरांनी करपलेली खिचडी खाल्ली. मला चूल सांभाळता येत नाही.

चौथ्या दिवशी ती लेकीला घेऊन परतली, तेव्हा बाकीचं कळलं. भागिरथाबाई कारंज्याला पोचली तेव्हा स्नेहा सासरच्या ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, तोंडावर रक्त नाही. दवाखान्यात कोणी नेलं नव्हतं. आईला पाहून ती उठलीही नाही.

"मी तं पयल्या दिसापासून रोज दोनच वाजवून राह्यली होती," ती म्हणाली. "मले वाटलं, तुले यायचंच नाही."