भव्य दुकान वाढवत आहोत!

आमचं मोटारसायकलींचं दुकान ज्या दिवशी कायमचं बंद झालं, त्या दिवशी लोकांनी आम्हाला अभिनंदनाचे चार किलो पेढे दिले. चूक पूर्णपणे माझी.

झालं असं, की कंपनीला आमचं दापोडीतलं दोन गाळ्यांचं दुकान चालेनासं झालं. शोरूम हायवेला हवं, काचेचं हवं, आत कॉफीचं मशीन हवं! (आमच्याकडे मशीन नव्हतं. समोरच्या टपरीवाल्याला अण्णा शिट्टी मारत.) अण्णा म्हणजे माझे वडील. आजोबांनी दुकान काढलं, अण्णांनी चालवलं आणि मी बारा वर्षं तिथे गाड्यांची कागदपत्रं केली.

"गिऱ्हाइकांना कळवायला फ्लेक्स लाव," अण्णा म्हणाले. "पण 'बंद' शब्द नको. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो."

खरंच आहे. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, तसं दुकानही वाढवतात. मी कागदावर लिहिलं, 'आम्ही दुकान वाढवत आहोत. आजवरच्या लोभाबद्दल आभार.'

फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "ताई, 'भव्य' टाकू का? भारी दिसतंय."

मी फायलींत बुडाले होते. "शोभेल ते टाका हो भाऊ!"

त्याला फुगे शोभले. फुगे, 'भव्य', उद्गारचिन्ह आणि मधोमध हात जोडलेले अण्णा! मी डोक्याला हात लावला. अण्णांना मात्र फ्लेक्स फारच आवडला. ("बघ, 'बंद' कुठंही नाही!")

पहिला आला शेजारचा टायरवाला, पेढे घेऊन. "काय राव अण्णा! बोलला नाहीत! या वयात डेअरिंग!"

"अहो, वाढवलं म्हणजे..." मी म्हणाले, "म्हणजे... वाढवलं!"

"तेच तर!" म्हणत त्याने माझ्या तोंडात पेढा कोंबला.

दुपारपर्यंत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. एवढी गर्दी आधी झाली असती, तर दुकान वाढवावं लागलं नसतं! शिफ्ट सुटल्यावर चाकणहून दोघं बायोडेटा घेऊन आले. "ताई, नव्या ब्रँचला कुठलंही काम चालेल." त्यांचेही कागद मी ठेवून घेतले. सांगायची हिंमतच होईना.

शेवटी कुरुळीचे शेळकेमामा आले, हातात झेंडूचा हार. "अण्णा, माझ्या बापाची गाडी हितलीच, माझी हितलीच. आता पोराची नव्या दुकानातनं. पयली गाडी आमालाच! देनार न्हवं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"मामा," अण्णा म्हणाले, "बंद केलं."

आणि ते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. त्या बाकावर मी त्यांना जन्मात बसलेलं पाहिलं नव्हतं.

मामा हाराकडे बघत राहिले. "मग ह्यो हार? नव्या दुकानाला आनला व्हता." मग पुढे होऊन त्यांनी तो अण्णांच्याच गळ्यात घातला. "दर गाडीला तुमीच घालत आलाय. आज तुमाला."

हार पडल्याबरोबर, प्रत्येक नवी गाडी दाराबाहेर काढताना अण्णा जे म्हणत, तेच सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "सावकाश चालवा हं."

मला भडभडून आलं. तोंडात पाचवा पेढा होता, त्यामुळे नीट रडताही येईना.

गेल्या महिन्यात कंपनीच्या हायवेवरच्या नव्या काचेच्या शोरूममध्ये मी मुलाखतीला गेले. कॉफी बरी होती. टायवाल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, आधीचं दुकान का सोडलंत?"

'बंद' अगदी ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

"वाढवलं," मी म्हणाले.

"अरे वा, अभिनंदन!" साहेब उठून उभे राहिले. "मग तुम्हाला नोकरीची काय गरज?"

मी 'थँक्यू' म्हणाले आणि घरी आले.