तळघरातला रॉक आणि पळालेला गायक

मे महिन्यात अकोल्याला जाऊ नका. मी अमरावतीत वाढलो, मला हे पाठ आहे, तरी गेलो. कापूस बाजाराजवळचा तळघरातला रॉक बार महिनाअखेर बंद होतोय असं कळलं आणि मला वाटलं, त्याचा इतिहास लिहायला माझ्याइतका लायक माणूस नाही. अकोल्याला कॉलेजात असताना आमचा ‘कापूसकोंड्या’ नावाचा बँड तिथं वाजवायचा. गायक मी.

आधी गावचं खायचं म्हणून पुण्याहून रात्रीच्या गाडीनं अकोला ओलांडून अमरावती गाठली. सकाळी दह्यात बुडालेला गिलावडा खाल्ला. दोन प्लेट पुरतात. मी तीन खाल्ल्या, त्याचं प्रायश्चित्त मूर्तिजापूरपर्यंत चाललं. अकोल्याच्या एसटीत हौसेनं खिडकी धरली तर भट्टीचं तोंड उघडावं तसा वारा. शेजारच्या काकांनी माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं. “दुपट्टा बांधा ना बाप्पा, टोपीनं काय होते!” मी अमरावतीचाच असल्याचं त्यांना सांगितलं नाही.

चार वाजता बारच्या पायऱ्या उतरलो. आत गारवा आणि काउंटरमागे मालक भाऊ, आता सत्तरीचे. त्यांनी मला ओळखलं नाही. मी ‘ब्लॉग लिहितो’ म्हणालो आणि वही उघडली.

“रॉकच का, भाऊ?”

“आधी हिंदी गानी लावत होतो. मंग फर्माइशीवरून मारामाऱ्या. एक म्हने हे लाव, दुसरा म्हने ते. साळा दुबईहून आला, इंग्रजी कॅसेटांचा खोका ठेवून गेला. ते लावलं. कोनाले काई समजत नव्हतं, म्हून कोनी भांडत नव्हतं!”

सरकीचं जुनं गोदाम, वर भांड्यांचं दुकान, खाली ड्रम. भाऊ सांगत होते, मी लिहीत होतो. माझं नाव कधी येतं याची वाट बघत होतो.

“नाव कधी झालं बारचं?”

“एका शनिवारी. नागपूरचे लोक आयकाले येनार होते. अन् गानारा पोट्टा दुपारीच पुन्याले पळाला! न सांगता. मंग गिटारवाला प्रशांत उभा झाला. त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. इंग्रजी येत नव्हतं, त आपल्या वऱ्हाडीतच गायला. लोक खुर्च्यांवर चढले. तवापासून गर्दी.”

मी वही मिटली. पुण्याची नोकरी सोमवारपासून होती. शनिवारचं तिकीट मी मुद्दाम काढलं होतं, कारण नागपूरकरांपुढे उभं राहायच्या कल्पनेनं मला ताप भरला होता.

“भाऊ, तो पोट्टा मीच.”

त्यांनी चष्मा वर केला. “तू? चांगलं केलं बे पळाला. नाई त हे झालंच नसतं.”

इतिहासातलं माझं योगदान एवढंच.

प्रशांतचा पत्ता भाऊंनीच दिला. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी शेअर ऑटोनं गेलो. वीस रुपये सांगतात, तेवढेच द्या. तो पंपाच्या मोटरीत तांब्याची तार भरत होता. मला बघून हात थांबले नाहीत.

“काहून आला?”

वाटेत पाठ केलेलं भाषण पार विसरलो. “माफी मागायला,” एवढंच निघालं.

त्यानं हातातला वेढा पूर्ण केला. मग म्हणाला, “त्या दिवशी तू स्टेशनवर दिसला म्हने, म्हून गेलो होतो मी. वाटलं, तुले काई झालं. प्लॅटफॉर्मवर पळून राहिलो होतो सारखा.”

मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा डब्यात वरच्या बर्थवर तोंड लपवून पडलो होतो.

“राग आहे का अजून?”

“होता. मंग गानं जमू लागलं, त रागाले टाइम नाई भेटला.” त्यानं स्टूल पुढे सरकवलं. “बस. हे टोक धर, सोडू नको.”

मी तासभर तारेचं टोक धरून बसलो. तो गुणगुणत होता. आवाज माझ्यापेक्षा खरंच चांगला आहे.

पुण्याला परतल्यावर बायकोनं टाळूवरच्या घामोळ्या बघून हसून घेतलं. मग प्रवासाचं विचारलं. आमचा बँड आपसातल्या भांडणात मोडला, असं मी तिला लग्नापासून सांगत आलो होतो. या वेळी खरं सांगितलं.

“मग बँड मोडला कुणी?” ती म्हणाली.

“मोडलाच नाही. माझ्याशिवाय नऊ वर्षं चालला.”

हे बोलायला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.