काचेतला घुम्या

बारमध्ये कामाला लागला त्या पहिल्याच आठवड्यात त्याला घुम्या हे नाव पडलं, आणि ते इतकं घट्ट बसलं की खरं नाव कोणी विचारलं तर त्याला स्वतःलाच क्षणभर आठवावं लागे. मुका नव्हता तो. पण जिथे दुसऱ्याला दहा वाक्यं लागतात तिथे घुम्या एका 'हं'वर भागवायचा, आणि त्या 'हं'चीही काटकसर करायचा.

त्याचं स्वयंपाकघर बारच्या अगदी मागच्या बाजूला होतं. एक शेगडी, एक मोरी, एक धुरकट दिवा, आणि भिंतीत ताटली सरकवण्यापुरतं एक भोक. त्या भोकातून पलीकडून ऑर्डर यायची आणि अलीकडून तळलेले मासे, परतलेली कलेजी, बटाट्याच्या फोडी, आम्लेटं जायची. इतकी वर्षं घुम्याने माणसांना खायला घातलं, पण त्यातला एकही माणूस खाताना कधी पाहिला नाही. रिकामी ताटली परत आली की समजायचं, कोणीतरी खाल्लं असावं.

बारचा दर्शनी भाग म्हणजे शेठचा जीव. तिथे फुटपाथपासून छतापर्यंत एकच मोठी काच होती. काचेमागे बाटल्यांच्या रांगा, बाटल्यांमागे पिवळे दिवे, आणि वर पाटी: 'सोनेरी प्याला', शेजारी फेस ओसंडणारा प्याला रंगवलेला. शेठ रोज दुपारी स्वतः फडकं घेऊन ती काच पुसायचा. बायकोचा वाढदिवस विसरायचा, पण काच विसरला नाही कधी.

घरी घुम्या आणि त्याची ताई, दोघंच. आई लवकर गेली. बापाने आधी पगार, मग अब्रू आणि शेवटी स्वतःला बाटलीत बुडवलं. ताई तेव्हा शाळेत होती. ती शाळा सोडून एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला लागली आणि तिने धाकट्याला वाढवलं. बाप झिंगत घरी यायचा, ताटावर बसायचा, पहिला घास घ्यायचा आणि ओरडायचा, "अळणी! परत अळणी!" मग वाडग्यातलं मीठ मूठभर ताटात ओतायचा. ते नाही केलं तर ताट भिंतीवर जायचं. ताई भिंत पुसायची आणि भावाला आपल्यातलं वाढायची.

तोच भाऊ मोठा होऊन बारमध्ये आचारी झाला, याला काय म्हणावं? दुसरं काम मिळत नव्हतं, हे ताईलाही दिसत होतं. ती एवढंच म्हणाली, "जा कामाला. मी अडवत नाही. पण त्या जागेचं पाणीसुद्धा माझ्या तोंडाला लागणार नाही. आणि तिथे रांधणारा हात माझ्या शेगडीला लागता कामा नये."

ताई शब्दाची पक्की. पक्की माणसं लांबून फार छान दिसतात, एका घरात राहायला मात्र अवघड असतात. शिंप्याच्या दुकानातून घरी जायचा तिचा रस्ता बारवरूनच होता. रोज संध्याकाळी बार जवळ आला की ती रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जायची, आणि बार मागे पडला की परत अलीकडे यायची. हे घुम्याला कॅप्टनकडून कळायचं. कॅप्टन म्हणजे मुख्य वाढपी. भोकातून तोंड घालून तो सांगायचा, "तुझी ताई आली... ओलांडला रस्ता... गेली." घुम्या 'हं' म्हणायचा आणि कांदा चिरायला घ्यायचा.

घुम्याला आयुष्यात फार काही नको होतं. एकदा, निदान एकदा, ताईने आपल्या हातचं पोटभर खावं, एवढंच हवं होतं. त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं. पण सांगायची गरज काय, आठवड्याच्या सुट्टीला तो घरात शेगडीकडे बघत बसायचा, त्यावरून कोणालाही कळलं असतं.

मग तो कायदा आला. दारूची जाहिरात बंद. वर्तमानपत्रात नाही, भिंतीवर नाही, पाटीवर नाही. बाटलीचं चित्र नको, प्याल्याचं नको, 'एकावर एक मोफत' तर नकोच नको. विकायला हरकत नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला दारू दिसता कामा नये.

तपासणीचे साहेब आले. फुटपाथवर उभे राहिले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, थोडं वाकून लहान मुलाच्या उंचीवरूनही पाहिलं. म्हणाले, "बाटल्या दिसतायत."

"त्यासाठीच ठेवल्यात साहेब," शेठ म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

रंगाऱ्याने पाटीवरचा प्याला पुसला आणि 'प्याला' हा शब्दही पुसला. उरलं नुसतं 'सोनेरी'. दुसऱ्याच दिवशी एक बाई बांगड्यांना पॉलिश करून मिळेल का विचारायला आत शिरल्या. शेठने काचेला पडदा लावला, तर नेहमीची गिऱ्हाइकंही बिचकली. पडद्याआड काय चालतं याच्या चर्चा गल्लीत सुरू झाल्या, आणि त्या चर्चांपेक्षा दारू बरी, असं म्हणायची पाळी आली. नवा माणूस फिरकेना. शेवटी शेठ डोक्याला हात लावून म्हणाला, "स्वयंपाकघर बंद करू या. पाकिटातले दाणे ठेवू. पिणारे पितील."

कॅप्टन चिडला. "काच झाकून कोणी येणार आहे का? बाटल्या मागे न्या. पुढे काहीतरी दाखवा!"

"काय दाखवू? तुझं तोंड?"

"घुम्याला दाखवा."

सगळे हसले. मग हसायचे थांबले, कारण बोलणं खरोखर बरोबर होतं. मागची खोली पिणाऱ्यांना, पुढची खाणाऱ्यांना. बाटल्या घुम्याच्या जागी आणि घुम्या बाटल्यांच्या जागी.

घुम्याने त्या दिवशी एका दमात जितके शब्द उच्चारले तितके वर्षभरात उच्चारले नसतील. "शेठ, मला नको. माझी ताई त्या रस्त्याने जाते. भावाला बारच्या काचेत मांडून ठेवलेलं बघेल ती."

"मग दाणे," शेठ म्हणाला. आता बोला!

महिन्याभरात शेगडी पुढे आली. पहिल्या दिवशी दोन अंडी कढईऐवजी घुम्याच्या बुटावर फुटली. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, आणि तो पाठ फिरवायचा. संध्याकाळी ताई आली. नेहमीच्या जागी रस्ता ओलांडला, समोरच्या फुटपाथवरून मान सरळ ठेवून गेली. घुम्याने पहिल्यांदाच ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कॅप्टनच्या तोंडून ऐकणं त्याहून सोपं होतं. आम्लेट करपलं.

पण माणसाला सगळ्याची सवय होते. काचेतून आगीचे लोळ, उडणारे कांदे, पलटणारी आम्लेटं दिसायला लागली, तशी कधी न येणारी माणसं आत यायला लागली. बायका आल्या, म्हातारे आले, पोरंबाळं आली. शेठ हरखला. म्हणाला, "कायद्याने मारलं नाही रे, तारलं!"

घुम्या मात्र गप्प होता, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. आता त्याला खाणारी माणसं दिसत होती. चार घास झाले की हात पाण्याच्या ग्लासकडे जायचा. परत चार घास, परत पाणी. एका आजीबाईंनी पाण्याचा जगच स्वतःपुढे ओढून घेतला. ताटल्या अर्ध्या उरत होत्या. माणसं पैसे देऊन, सभ्यपणे हसून जात होती आणि पुन्हा येत नव्हती.

"पाणी एवढं का लागतं?" त्याने कॅप्टनला विचारलं.

"उकाडा आहे."

घुम्याने चव घेतली. बरोबर. कॅप्टनने घेतली, शेठने घेतली. फर्स्ट क्लास, दोघंही म्हणाले. आंधळ्याने आंधळ्याला वाट विचारावी, तशातली गत. तिघांच्याही जिभा त्याच छपराखाली घडलेल्या.

मग घुम्याला आपला जुना गुरू आठवला. त्याला हे काम शिकवणारा म्हातारा आचारी म्हणायचा, "पिणाऱ्याची जीभ बधिर असते, बाबा. त्याला लागेपर्यंत मीठ घालत जा." चिमूटभर जास्त घालायला सुरुवात झाली होती, आणि वर्षानुवर्षं ती चिमूट कोणाच्या लक्षात न येता फुगत गेली होती. घुम्या दारूचा थेंब घेत नव्हता. पण त्याचा हात पूर्ण दारुडा झाला होता.

सुट्टीच्या दिवशी ताईने त्याला वाढलं. भात, बटाट्याचा रस्सा. त्याचा हात सवयीने मिठाच्या वाडग्याकडे गेला. दर सुट्टीला जायचा, आणि ताई दर वेळी दुसरीकडे बघायची. आपण उष्ट्या भिंतीसमोर बसलो आहोत आणि बापाचाच हात ताटावर फिरतोय, हे घुम्याला त्या क्षणी लख्ख कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने हात मागे घेतला. रस्सा त्याला पाण्यासारखा लागत होता. तरी शेवटच्या घासापर्यंत तसाच खाल्ला, सावकाश, त्यातलं मीठ शोधत. ताईने वाडग्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. बोलली नाही. घुमेपणा त्या घराण्यातच असावा.

दुसऱ्या दिवशी कामाला जाण्याआधी तो ताटावर येऊन बसला. एरवी बारमध्येच खायचा. "आज काय?" ताईने विचारलं.

"इथेच खाऊन जातो. रोज. चालेल?"

तिने ताट मांडलं. असं रोज चाललं. जीभ म्हणजे हट्टी पोर. पहिले काही दिवस तिने थयथयाट केला, मग थकली, मग एका सकाळी घुम्याला रश्शातलं मीठ लागलं. आहे की! बेताचं, जिथे हवं तिथे आहे. इतकी वर्षं ते तिथेच होतं. त्या दुपारी त्याने बारमधलं स्वतःचं कालवण चाखलं आणि मोरीकडे धावला.

त्याने हात आखडता घेतला. मागच्या खोलीतले नेहमीचे गडी ओरडले, "घुम्या, आजारी आहेस का?" त्यांच्यासाठी टेबलावर मिठाच्या बाटल्या ठेवल्या. पुढच्या खोलीत मात्र पाण्याचे जग भरलेलेच परत यायला लागले, आणि ताटल्या चाटूनपुसून. जग बघून घुम्या आपली परीक्षा तपासायचा. ती आजीबाई परत आली, सुनेला घेऊन. त्या दिवशी घुम्याने गल्ल्यावरच्या शेठलाही न विचारता त्यांना एक आम्लेट जास्त दिलं.

घरी मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. काय सांगणार? पण एके संध्याकाळी कॅप्टन ओरडला, "घुम्या! तुझी ताई!"

ती आली होती. रस्ता ओलांडायच्या जागी थांबली होती. तिने समोरच्या फुटपाथकडे पाहिलं, मग काचेकडे. कितीतरी वेळ, म्हणजे घुम्याला तरी तसं वाटलं, ती तिथेच पिशवी धरून उभी. मग सरळ चालत आली, दार ढकललं आणि काचेशेजारच्या टेबलावर बसली. मागच्या खोलीच्या दाराकडे तिने पाठ केली.

कॅप्टन धावला. "काय आणू ताई?"

"तो काय करतो ते."

घुम्याने बटाट्याचा रस्सा केला. तोच, घरचा. मीठ घालताना हात वाडग्यावर थांबला, पुढे गेला, मागे आला. बरोबर भात घेऊन ताटली त्याने स्वतः नेऊन ठेवली, पाण्याचा ग्लास ठेवला, आणि शेगडीपाशी येऊन उगाचच कढई घासत राहिला. काचेत त्याला ती दिसत होती. ती जेवत होती. खाली मान घालून, सावकाश, काज शिवावं तशी नेटकी. पाण्याला हात लावत नव्हती. मीठ बेताचं म्हणून, की शब्द दिलाय म्हणून? इतकी वर्षं पाळलेला शब्द! घुम्याला विचारायचं धाडस नव्हतं.

ताटली साफ झाली. ताईने ग्लास उचलला, त्यातल्या पाण्याकडे पाहिलं, आणि प्यायली. अर्धा नव्हे, सगळा.

मग तिने त्याला बोटाने बोलावलं. तो हात पुसत आला.

"मीठ कमी आहे," ताई म्हणाली.

घुम्याचा चेहरा पडला. शेठ गल्ल्यावरून अर्धा उठला. कॅप्टनने कपाळावर हात मारला.

"घाबरत घातलंयस. कळतं ते," ताई म्हणाली. पदराने तोंड टिपलं, पिशवी उचलली. "उद्या सकाळी घरी तूच कर. मी शेजारी उभी राहते, किती घालायचं ते दाखवते."

ताई दारापर्यंत गेली आणि वळली.

"डावी शेगडी नीट पेटत नाही. उजवी घे."

आणि रस्ता न ओलांडता, बारच्याच फुटपाथवरून घरी गेली.